ताईची पंचक्रोशी आणि माझी थाप

त्या पहाटे मणिकर्णिकेवर तांब्या भरताना मी गंगेकडे एकच मागणं मागितलं, की आज गाडी सुरू होऊ नये. लोक इथे मोक्ष मागायला येतात आणि मी बॅटरी उतरण्याची प्रार्थना करत होतो. गाडी बँकेतल्या सहकाऱ्याची, जुनी सात सिटांची व्हॅन. थंडीत ती रोज सकाळी रुसते असं त्यानंच सांगितलं होतं, म्हणजे मागणं काही अवाजवी नव्हतं. पण घरी येऊन किल्ली फिरवली तर गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. मागच्या सीटवरून ताई म्हणाली, बघ, बोलावणं आहे. मी आरशात बघून मान हलवली.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचं घर चार पिढ्यांपासून काशीत. ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत आम्ही वाढलो, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर बनारसी. ताई मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायची. अकरा वर्षांपूर्वी गच्चीत वाळत घातलेल्या पापडांवर माकडांची टोळी उतरली, ही काठी घेऊन धावली आणि तोल जाऊन कठड्यावरून खाली अंगणात पडली. पापड माकडांनी नेले, पाय देवानं नेले, असं ती स्वतःच सांगते, आणि ऐकणाऱ्याला हसावं की रडावं कळत नाही. तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आहे. गल्लीतलं घर सोडून आम्ही सुंदरपूरला तळमजल्यावर राहायला आलो.

त्याच वर्षी आम्ही तिला एका देवळात नेलं होतं. पायऱ्या होत्या, म्हणून मी, दोन चुलतभाऊ आणि एक उत्साही अनोळखी गृहस्थ अशा चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं. कोणाचा हात कुठे लागला, पदर कुठे गेला, कशाचा पत्ता नव्हता. मागून कोणीतरी म्हणालं, सँभाल के, माताजी भारी हैं. दर्शन झालं. बाहेर आल्यावर ताईनं पदर सारखा केला आणि शांतपणे सांगितलं, की यापुढे मला कोणी उचलायचं नाही. देवाकडे माझी मी जाईन, नाहीतर जाणार नाही. त्यानंतर तिनं देवळात पाऊल ठेवलं नाही, म्हणजे चाक ठेवलं नाही. नातेवाइकांना हा ताठा वाटला. खरं सांगतो, मलाही वाटला.

आता माझ्या थापेकडे यायला हवं. काशीभोवती पंचक्रोशीची परिक्रमा असते. मणिकर्णिकेवरून निघायचं, शहराला आणि वाटेतल्या देवांना उजव्या हाताला ठेवून कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे पाच मुक्काम करायचे आणि पुन्हा मणिकर्णिकेला यायचं. अनवाणी, पाच दिवस. कॉलेजात असताना मी ही यात्रा केली अशी घरात ख्याती आहे. दर शिवरात्रीला फराळ झाला की कोणीतरी म्हणतं, सांगा ना पंचक्रोशीचं, आणि मी सांगतो. तीस वर्षांत ती गोष्ट इतकी रंगली, की भीमचंडीच्या पुढे मला एक साधूही भेटू लागला.

वस्तुस्थिती अशी, की भीमचंडीपर्यंत माझ्या पायाला सात फोड आले आणि मी बटाट्याच्या ट्रकमध्ये बसून परत फिरलो. घरी कोणत्या तोंडानं जाणार, म्हणून नदीपलीकडे रामनगरला मित्राच्या घरी तीन दिवस राहिलो. लस्सी प्यालो, पत्ते खेळलो. पाचव्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर आई दारात पितळी परात घेऊन उभी होती. यात्रेकरूचे पाय धुण्याची आमच्याकडे रीत आहे. आईनं माझे पाय धुतले आणि ते पाणी डोळ्यांना लावलं. फोड खरे होते, एवढाच काय तो माझा बचाव.

ताईला तेव्हापासून पंचक्रोशीची ओढ लागली होती. आधी मुलीनं एकटीनं कुठे जायचं म्हणून राहिलं, मग नोकरी, मग आईचं आजारपण, आणि मग माकडं. मागच्या दिवाळीत तिनं जाहीर केलं, की मी पंचक्रोशी करणार, गाडीनं जाणार, आणि एका ठिकाणी तरी आत जाऊन पिंडीला स्वतःच्या हातानं स्पर्श करणार. ते ठिकाण तिनं ठरवूनही टाकलं होतं. रामेश्वर. का, तर तिथल्या देवळाला एकही पायरी नाही, अंगणापासून गाभाऱ्यापर्यंत सगळं ताटासारखं सपाट आहे. हे तिला कोणी सांगितलं? मीच. रामेश्वर मी पाहिलेलंच नव्हतं, पण गोष्टीत तिथे काहीतरी वर्णन हवं होतं, म्हणून एका शिवरात्रीला मी ते देऊळ सपाट करून टाकलं होतं. ताईच्या वहीत ते वाक्य माझ्या शब्दांत लिहिलेलं होतं, खाली रेघ मारून.

मी बऱ्याच पळवाटा शोधल्या. आमच्या गुरुजींना विचारलं, शास्त्रात पायीच करायची असते ना यात्रा? त्यांनी होय म्हणावं म्हणून मी जवळजवळ हात जोडले. गुरुजी म्हणाले, ज्याचे पाय चाकं झालेत त्यानं चाकांनी करावी, त्यात विचारायचं काय. आमची ही म्हणाली, आधी एकदा जाऊन रस्ता बघून या. मी म्हटलं, मला काय बघायचंय, मी चालत गेलोय. एकदा थाप मारली की माणसाला साधं चौकशीला जायचीही सोय राहत नाही.

ताईबरोबर आणखी दोघं निघाली, दोघंही व्हीलचेअरवर, फिजिओथेरपीच्या ओळखीची. एक मिश्राजी, रेल्वेचे निवृत्त गार्ड, मधुमेहात एक पाय गुडघ्याखाली गमावलेले. दुसरी रश्मी, तिशीची, कॉम्प्युटर शिकवणारी, लहानपणी पोलिओ झालेली. तिनं मोबाइलवर रामेश्वराचे फोटो शोधले होते, पण प्रत्येक फोटोत कोणाचा ना कोणाचा हसरा चेहरा एवढा मोठा, की देवळाचा फक्त कळस दिसत होता. तिघंही खुर्चीतून गुळगुळीत फळीवरून घसरत आपापल्या सीटवर बसली. मी मदतीला हात पुढे केला की ताई नुसती बघायची आणि मी हात खिशात घालायचो. अस्सी घाटाजवळ गुरुजींनी गाडीतच संकल्प सांगितला, तांब्यातलं पाणी तिघांच्या ओंजळीत दिलं. मिश्राजींनी हिरवा रुमाल खिडकीबाहेर हलवला आणि आम्ही सुटलो.

कर्दमेश्वराला तळ्याच्या काठावरून हात जोडले. भीमचंडीला फाटकाशी खुर्च्या लावून दर्शन घेतलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली होती, ऊन कोवळं होतं, उजव्या हाताला दर थोड्या अंतरावर शेंदूर लावलेला एखादा विनायक नाहीतर एखादी देवी यायची, आणि ताई प्रत्येकाचं नाव वहीतून वाचून खिडकीतून नमस्कार करायची. मिश्राजी घड्याळ बघून म्हणायचे, राइट टाइम. सगळे इतके आनंदात होते, की भीमचंडी मागे पडल्यावर मी एका फाट्यावर गाडी थांबवून रस्ता विचारला तेव्हा कोणाला शंकाही आली नाही. फक्त ताई म्हणाली, विसरलास होय? मी म्हटलं, तीस वर्षं झाली.

अकराच्या सुमारास रामेश्वरला पोचलो. वरुणेच्या काठी वसलेलं गाव. रामानं रावणाला मारल्यावर प्रायश्चित्तासाठी इथे वाळूची पिंड केली, असं लोक सांगतात. आम्ही फळीवरून तिघांना उतरवलं, खरं म्हणजे ती तिघं उतरली आणि मी खुर्च्या उलगडून दिल्या. अंगण ओलांडून देवळासमोर आलो. दोन पायऱ्या, मग एक दगडी कट्टा, मग पुन्हा दोन पायऱ्या आणि वर उंबरा.

ताईनं पायऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, नवीन केलेल्या दिसतात. पुजारी ओसरीवर बसले होते. त्यांनी अगदी चांगुलपणानं सांगितलं, की नाही, या आमच्या आजोबांच्याही आधीपासून आहेत. दगड मधोमध झिजून खोलगट झालेले होते, त्यांना पुजाऱ्यांच्या साक्षीची गरजच नव्हती.

मी खालच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सात फोड, बटाट्याचा ट्रक, रामनगर, लस्सी. साधू नव्हता हेही सांगितलं. सांगताना मराठी कुठे संपली आणि हिंदी कुठे सुरू झाली मला कळलं नाही, पण मिश्राजींनी सगळं ऐकून हळूच रश्मीला म्हटलं, मतलब इनकी गाड़ी भीमचंडी से ही कैंसिल थी. रश्मी हसली नाही. ती ताईकडे बघत होती.

ताईनं वहीतल्या त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आईनं तुझे पाय धुतले होते. पाणी मी घातलं होतं."

एवढंच. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं खुर्ची थोडी वळवली आणि वहीचं ते पान मिटलं. अकरा वर्षांनी ही बाई देवाच्या दारात आली होती, आपल्या अटीवर आली होती, आणि मी तिला एका गोष्टीच्या भरवशावर इथे आणून सोडलं होतं. आता दोनच मार्ग होते, अट मोडायची किंवा परत फिरायचं. परत फिरण्यात मी किती तरबेज आहे हे तर नुकतंच सगळ्यांना कळलं होतं.

तोवर माणसं जमली. चार जण पुढे होऊन म्हणाले, अरे इसमें क्या है, अभी उठा देते हैं, आणि बाह्या सरसावायला लागले. ताईनं हात जोडून नको म्हटलं. त्यांना ते पटेना. देवाच्या दारात सेवा नाकारते म्हणजे काय? एक जण मला समजावू लागला, दुसरा पुजाऱ्यांना, तिसरा मिश्राजींना. प्रत्येक जण ताईबद्दल बोलत होता आणि ताईशी कोणीच बोलत नव्हतं. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, मनातल्या मनात म्हणत होतो, की ताई, एवढ्या एका वेळेला उचलू दे.

मी त्या पायरीवर बसून डोळे मिटले. प्रार्थना करायचं धाडस नव्हतं. सकाळी मी देवाकडे काय मागितलं होतं ते त्याला आठवत असणार. मी एवढंच म्हटलं, की माझ्याकडे आता काही उपाय नाही. बस, इतकंच. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला सल्ला न देता काही सांगितलं असेल.

अंगणाच्या पलीकडे एका घराच्या दारात एक म्हातारी मटार सोलत बसली होती. ती सूप बाजूला ठेवून उठली, गर्दीतून वाट काढत सरळ ताईसमोर आली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ए बिटिया, तू बतावा, कइसे जइबू?"

तूच सांग कशी जाशील. सकाळपासूनच नव्हे, अकरा वर्षांत हा प्रश्न मीही तिला कधी विचारला नव्हता.

ताई म्हणाली, एखादा लांब तख्ता मिळाला तर मी स्वतः चढेन, माई. म्हातारीनं पायऱ्यांकडे पाहिलं, आपल्या घराकडे पाहिलं, आणि त्या बाह्या सरसावलेल्या चौघांकडे वळून म्हणाली, "उठावै क एतना सौख हौ, त हमार केवाड़ी उठावा."

तिच्या घराचं दार जुन्या पद्धतीचं होतं, बिजागऱ्या नसलेलं, खालच्या दगडातल्या खळग्यात फिरणारं. वर उचललं की निघतं. उचलायची हौस असलेल्या चौघांनी ते जाड फळ्यांचं रुंद दार उपटलं आणि डोक्यावर घेऊन अंगणातून आणलं. मागे तिचं घर सताड उघडं पडलं, आत खाट आणि दूध तापत ठेवलेली चूल दिसत होती. दार पायऱ्यांवर टाकलं तर त्यावर लग्नातले हळदीचे हाताचे ठसे आणि शेंदरानं लिहिलेलं शुभ लाभ. ताई म्हणाली, यावरून मी चाक नेणार नाही. म्हातारीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि दार पालथं करायला सांगितलं. कडी मध्ये येत होती, ती एका बाजूला वळवली.

मी सवयीनं खुर्चीच्या मुठी धरल्या. ताई म्हणाली, "हात काढ. मागे उभा राहा. पडले तर धर, पण ढकलू नकोस."

मी हात काढले आणि वीतभर अंतरावर पंजे उघडे ठेवून, विकेटकीपरसारखा वाकून उभा राहिलो. ताईनं पदर खोचला, पुढे झुकली आणि चाकांना जोर दिला. दार करकरलं. अर्ध्यावर जाऊन खुर्ची थांबली, दोन बोटं मागे आली. माझे हात पुढे जाऊ नयेत यासाठी मला जेवढी ताकद लागली तेवढी ट्रकमध्ये चढतानाही लागली नव्हती. ताईनं चाकं धरून ठेवली, एक श्वास घेतला, आणि मग तिच्या त्या खांद्यांनी, फळ्यावर वीस वर्षं संस्कृत धातू लिहिणाऱ्या त्या हातांनी, स्वतःला वर नेलं. कट्ट्यावर पोचल्यावर ती थांबली नाही. चौघांनी दार उचलून पुढच्या दोन पायऱ्यांवर ठेवलं, टोक उंबऱ्यापलीकडे टाकलं, आणि ती दुसऱ्यांदा चढली. यावेळी खुर्ची मागे आली नाही. गाभाऱ्यातल्या फरशीवर चाकांचा आवाज झाला तेव्हा बाहेर कोणीतरी हर हर महादेव म्हटलं आणि सगळ्यांनी ते उचलून धरलं, मिश्राजींनी सर्वात मोठ्यानं.

ती पिंडीपाशी गेली. एका हातानं चाक धरून वाकली आणि बोटांची टोकं पिंडीला लावली. किती वेळ, सांगता येणार नाही. मी बाहेरच उभा होतो, आपल्याला आत जायचा अधिकार आहे की नाही या विचारात. तिनं मागे न बघताच हाक मारली, ये ना, तुझीही पहिलीच वेळ आहे. मी उंबऱ्यापाशी चप्पल शोधू लागलो, मग आठवलं की ती अंगणातच काढली आहे. आत गेलो, वाकलो, आणि फोडांच्या वेळी आलं नव्हतं ते रडू आलं. ताईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "खरं सांगितलं असतंस तर मी निघालेच नसते." मग थोड्या वेळानं, "पण घरी सगळ्यांना तूच सांगायचंस. साधूसकट."

मिश्राजी चढले, रश्मी चढली, तीही कोणी न उचलता. रश्मी तर दोन्ही चढ एका दमात चढली आणि खाली उभ्या असलेल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. मग तिघंही तशीच खाली उतरली आणि तेच चौघे दार घेऊन गेले आणि पुन्हा खळग्यात बसवलं. ताईनं म्हातारीचे हात हातात घेतले. नाव विचारलं तर ती म्हणाली, नाव काय करायचंय, दूध उतू जाईल, आणि गेली. मी मनात चमत्कार वगैरे शब्द आणत नाही. गाव होतं, घर होतं, दार होतं. पण त्या अंगणात निदान तीस माणसं होती, आणि ताईला विचारावंसं एकीलाच वाटलं, ते त्याच घडीला, जेव्हा माझ्याजवळचं सगळं संपलं होतं. ते तिला कोणी सुचवलं याचा शोध मी घेत नाही.

पुढची यात्रा हसत झाली. शिवपूरला चहा घेतला, कपिलधारेला तळ्याकाठी पुऱ्या खाल्ल्या. दुपार कलताना राजघाटाजवळच्या नव्या घाटावर आलो, तिथे पाण्यापर्यंत उतार आहे. रुंद फळीवरून तिघं आपापल्या हातांनी मोठ्या नावेत चढली. परिक्रमेच्या शेवटच्या टप्प्यात जव उधळत जायचे असतात. ताई मुठीमुठीनं जव काठाच्या बाजूला टाकत होती, थोडे पाण्यात पडत होते आणि पक्षी नावेभोवती झेप घेत होते. ब्रह्माघाट आला, पंचगंगेच्या उभ्या पायऱ्या आल्या. आमची जुनी गल्ली त्या पायऱ्यांच्या वर कुठेतरी होती. ताईनं तिकडे बघून जवाची एक मूठ जरा जोरात फेकली आणि म्हणाली, ही माकडांना.

मणिकर्णिकेला चिता जळत होत्या. नाव शेवटच्या पायरीला लागली. तिथे गुरुजी घोटाभर पाण्यात उभे होते. त्यांनी मंत्र म्हटले आणि संकल्प सोडण्यापूर्वी विचारायचं असतं तसं विचारलं, यात्रा कोणी पूर्ण केली? रश्मीनं आणि मिश्राजींनी आपली नावं सांगितली. ताईनं आपलं नाव, गोत्र, वडिलांचं नाव असं सगळं सांगितलं, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात. काठावरची अनोळखी माणसं वळून बघायला लागली.

मग ती नावेच्या कडेला वाकली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत गंगेत बुडवले. नाव तिच्या बाजूला किंचित कलली. मी शेजारीच बसलो होतो. इतकी वर्षं मला वाटत आलं, की देवावर भार टाकणं म्हणजे आपण हात जोडून बसणं, आणि बाकी सगळ्यांना आपण सांभाळायचं. त्या संध्याकाळी माझे हात माझ्या मांडीवर होते. ताई आणखी खाली वाकली, तिचे केस पाण्याला लागले, आणि मी तिला धरलं नाही. ती आपल्या वेळेनं, आपल्या जोरानं वर आली. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं. तिनं ओंजळ भरून माझ्या पायांवर पाणी सोडलं आणि म्हणाली, आता झाली तुझी.